शेवटच्या काठीखालचा चिखल

जळगावात राहून समुद्रातल्या जिवाणूंवर पीएच.डी. करते म्हटलं की माणसं आधी माझ्याकडे बघतात आणि मग एकमेकांकडे. रिक्षावाल्यापासून सराफाच्या दुकानातल्या काकूंपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच : इथे समुद्र कुठाय? सुरुवातीला मी नीट उत्तर द्यायचे. तिथे जाऊन चिखल आणायचा, त्यातले जिवाणू वेगळे करायचे, त्यांचा जीनोम वाचायचा वगैरे. पुढे कंटाळले आणि "मेहरूणच्या तलावाखाली सापडलाय" असं सांगायला लागले. त्यावर कोणी पुढे विचारत नाही.

खरं उत्तर सोपं आहे. दवाखान्यातले काही जंतू आता जुन्या औषधांना दाद देत नाहीत. ती जुनी औषधं बहुतेक मातीतल्या जिवाणूंकडून मिळालेली. पण माती इतकी वर्षं उकरून झाली की आता तेच ते पुन्हा हाती लागतं, म्हणून लोक समुद्राकडे वळले. आणि जीनोम कशाला? तर एखाद्या सुगरणीला पन्नास पदार्थ येत असतात, पण घरी ती रोज वरणभातच लावते. जिवाणूंचंही तसंच. प्रयोगशाळेत ते आळशासारखे पडून राहतात. जीनोम वाचला की त्यांना काय काय बनवता येतं ते कळतं. त्यातलं जे जगात आधीच माहीत आहे ते बाजूला टाकायचं आणि जे कशाशीच जुळत नाही त्याच्या मागे लागायचं. माझं काम एवढंच.

आमची प्रयोगशाळा तिघांची. योगराज सर माझे गाइड. माणूस हुशार, पण मनाविरुद्ध काही झालं की चष्मा पुसत बसतात. भूपेंद्र प्रकल्पावरचा सहायक, धुळ्याकडचा. वर्षभर जळगावात राहून त्याची अहिराणी तसूभर हलली नाही. आणि मी मयुरी, मुक्ताईनगरच्या अलीकडच्या गावची, केळीवाल्या तोताराम नानांची मुलगी. चिखल आणायला मुरूडजवळच्या खाडीवर जायचं ठरलं तेव्हा आई म्हणाली, मीबी येते. तिने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. सर नको म्हणतील अशी माझी आशा होती, पण ते म्हणाले, येऊ द्या की.

निघायच्या आदल्या दिवशी आई प्रयोगशाळेत आली. सगळीकडे हात मागे बांधून फिरली. ऑटोक्लेव्हपाशी थांबून म्हणाली, "हा तं कुकरच हाये." भूपेंद्रने तिला कौतुकाने सांगितलं, "हां अक्का, कुकरच शे. यामा घालं का बठ्ठा जंतू मरतस." आई खूश झाली. इतक्या शिकलेल्या लोकांकडेही शेवटी कुकरच निघाला म्हणून असेल.

खाडीवर आम्ही संध्याकाळी, ओहोटीच्या वेळी पोचलो. जिथला चिखल घ्यायचा तिथे बांबूच्या काठ्या रोवल्या. प्रत्यक्ष चिखल दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला घ्यायचा होता. आई काठावर बसून पाण्याकडे बघत राहिली. मला वाटलं, दमली असेल. दुसऱ्या दिवशी गुडघाभर चिखलात उतरलो तर शेवटच्या काठीला कुंकू लागलेलं. भूपेंद्र म्हणाला, "कोळीस्नी लायेल व्हई." मीही मान हलवली. कोळ्यांची खाडी, कोळ्यांचा समुद्र. चिखल नळ्यांमध्ये भरला, बर्फात ठेवला आणि जळगावला आणला.

बाकीच्या काठ्यांखालून निघालेले जिवाणू अगदीच सामान्य होते. नशीब उघडलं ते शेवटच्या काठीखालच्या चिखलात. त्यातून जो निघाला त्याला आम्ही एम-सात म्हणायचो. एम मुरूडचा. घरी मात्र सगळ्यांना खात्री होती की एम मयुरीचाच.

एम-सातचा जीनोम पहिल्यांदा वाचला तेव्हा तो तुकड्यातुकड्यांत हाती आला. पण त्यातसुद्धा जनुकांचा एक गट असा होता की तो जगातल्या कुठल्याही माहीत असलेल्या गटाशी जुळेना. मी पुन्हा पाहिलं, सरांनी पाहिलं. मग तो काय बनवतो ते पाहण्यासाठी त्याला वेगवेगळ्या अन्नावर वाढवलं, त्याचा अर्क काढला आणि दवाखान्यातून आणलेल्या एका हट्टी जंतूवर टाकून पाहिला. सकाळी प्लेट उघडली तर अर्काच्या थेंबाभोवती स्वच्छ गोल, एकही जंतू नाही. मी आरडाओरडा केला नाही, पण भूपेंद्र म्हणतो की केला. सरांनी चष्मा पुसला नाही, उलट काढून खिशात ठेवला. ही त्यांच्या आनंदाची सीमा.

त्यानंतरचं सगळं एम-सातवर उभं राहिलं. माझा प्रबंध, सरांचा शोधनिबंध, प्रकल्पाचा पुढचा टप्पा आणि त्या टप्प्यावर भूपेंद्रची नोकरी. निबंधाच्या नावातच अरबी समुद्र होता. आई गावात सांगत सुटली की मयुरीने समुद्रातून औषध काढलं. औषध वगैरे काही नव्हतं. अर्कापासून औषधापर्यंत इतकी वर्षं जातात की बहुतेक वेळा वाटेतच सगळं संपतं. पण आईला कोण सांगणार! तिने इंदिराबाईला सांगितलं होतं, आणि आमच्या गल्लीत इंदिराबाईला सांगितलं की दवंडी पिटायची गरज राहत नाही.

निबंध तपासणाऱ्यांनी दोनच गोष्टी मागितल्या. जीनोम पूर्ण वाचा, आणि हा जिवाणू समुद्रातलाच कशावरून ते दाखवा. मला वाटलं, हे तर डाव्या हाताचं काम. पूर्ण जीनोम आला आणि मी तो दोनदा तपासला. समुद्रातल्या जिवाणूला खाऱ्या पाण्यात निभावण्यासाठी जे लागतं त्यातलं याच्याकडे जवळजवळ काही नव्हतं. त्याचे सगळे जवळचे नातलग मातीतले, तेही झाडांच्या मुळांशी राहणारे. आणि स्ट्रेप्टोमायसिन पचवायचं जनुक मात्र त्याच्याकडे होतं. केळीचे कंद लावण्याआधी आमच्याकडे औषधाच्या पाण्यात बुडवतात, त्यात तेच असतं. समुद्राच्या तळाशी याला हे कोणी शिकवलं? मी एम-सातला बिनमिठाच्या प्लेटवर वाढवलं. माहेरी आल्यासारखा पसरला.

सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

"समुद्रात जमिनीवरचे जिवाणू सापडतातच," ते म्हणाले. "नद्या काय आणतात मग? आपल्या तापीचंच बघ, किती माती नेऊन टाकते."

"पण मग तो समुद्रातला नाही ना, सर. पाहुणा झाला."

"समुद्राच्या चिखलातून मिळाला, हे तर खरं आहे? मग तेवढंच लिही."

खोटं त्यात काहीच नव्हतं. तरी मला ते टोचत राहिलं. प्रबंधाच्या विषयात "सागरी" हा शब्द नोंदवलेला होता आणि एम-सात सागरी नसेल तर माझ्या हातात धुपाटणंसुद्धा उरत नव्हतं. पण नदीने आणलेला असेल तर निदान तो खाडीत राहत तरी होता, अशी मी मनाची समजूत काढली.

ही समजूत रूपाने मोडली. रूपा माझी चुलत बहीण, वरणगावला दिलेली. ती माहेरपण संपवून निघाली तेव्हा मी घरीच होते. आईने तिची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड आणि केळीचा एक छोटा कंद, मातीसकट. ही आमच्या घरची रीत आहे. लेकीच्या ओटीत शेतातला कंद घालायचा आणि त्याची माती झटकायची नाही. माती झटकली तर माहेर तुटतं, असं माझी आजी सांगायची. रूपाने साडीला माती लागेल म्हणून कुरकुर केली. आई तिला म्हणाली, "गुमान घे व. समुद्राकाठी मी तापीले दिला, तिनं नही कुरकुर केली."

मी दारात उभी होते. "कोणाला दिला?"

"तापीले. मुरूडले गेलो व्हतो ना आपन."

"तापी सुरतेकडे मिळते, आई."

"मिळू दे. घर तं एकच हाये ना? तापी आपली लेक, समुद्र तिचं सासर. लेकीच्या सासरी पयल्यांदा जाचं अन् रिकाम्या हातानं? तू तं तिच्या घरचा चिखल उचलाले निघाली व्हती. मी पहाटीच उठली अन् तिची ओटी भरून आली."

"कंद कुठे ठेवलास?"

"वाहून जाईन म्हनून पुरला. तुमची ती काठी व्हती ना, शेवटची, तिच्या बुडाशी. कुंकूबी लावलं."

रूपाची गाडी निघून गेली, हात हलवायचंही मला सुचलं नाही. मी एक डबी घेतली आणि शेतात गेले. केळीच्या ज्या तासातून, म्हणजे ओळीतून, आईने तेव्हा कंद काढला होता तो तिला पक्का आठवत होता. तिथली माती घेतली. देवाशपथ सांगते, त्या मातीत एम-सात सापडू नये म्हणून मी मुक्ताईला हात जोडले. विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून हे शोभत नाही, पण जोडले.

भूपेंद्रला सांगितलं तेव्हा तो आधी हसला. "समुद्र तं गडी शे! गडीनी ओटी कोन भरस?" मी त्याला तापीचं सासर समजावलं. त्याचं हसू हळूहळू ओसरलं. मग तोही माझ्याबरोबर प्लेटा मोजायला बसला. त्या मातीतून एम-सातसारखा दिसणारा एक जिवाणू वेगळा केला, त्याचा जीनोम वाचायला पाठवला आणि वाट बघितली. निकाल आला. दोन्ही जीनोम शेजारी ठेवले, तर फरक नावालाच. तो अनोळखी गट जसाच्या तसा. एम-सात अरबी समुद्रातला नव्हता, तापीतून वाहत गेलेलाही नव्हता. तो नानांच्या शेतातून माझ्या आईच्या पिशवीत बसून एसटीने मुरूडला गेला होता आणि बर्फाच्या पेटीतून परत आला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. आम्ही तर कळसाच वळशाला नेला होता.

"बठ्ठं पानीमा गयं," भूपेंद्र म्हणाला.

सरांनी या वेळी चष्माही पुसला नाही. दोन्ही जीनोम पुन्हा एकदा शेजारी लावून बघितले. मग म्हणाले, "त्या ओटीचा आणि एम-सातचा संबंध आपल्या तिघांनाच माहीत आहे."

मी प्लेटा आवरायला घेतल्या.

"तुला दोन-चार दिवस देतो. विचार कर. एक वाक्य कमी लिहिलं तर तुझी पीएच.डी. होते, भूपेंद्र राहतो. लिहिलंस तर काय होईल ते तुला माहीत आहे." ते रागावले नव्हते, हेच मला जास्त लागलं. वाईट माणूस असता तर भांडणं सोपं गेलं असतं.

रविवारी घरी गेले ती डोकं फिरलेल्या अवस्थेतच. ओट्यावर इंदिराबाई बसलेली. आईने तिच्यासमोर मला विचारलं, "मयू, तुझ्या त्या समुद्रातल्या जंतूचं कुठवर आलं व?" आणि माझा तोल गेला.

"समुद्रातला नाहीच तो! तुझ्या कंदाच्या मातीतला आहे. तू ती ओटी भरायला गेलीस आणि माझ्या चार वर्षांचं वाटोळं करून आलीस. कोणी सांगितलं होतं तुला समुद्रावर यायला?"

इंदिराबाई चहा न घेताच उठली. अशी ती जन्मात कधी उठली नव्हती. आई म्हणाली, "मले काय मालूम, माय," आणि आत गेली. मग भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. ती भांडी सकाळीच घासून झाली होती. मला तिच्यामागे आत जायचं होतं. मी गेले नाही, जळगावची गाडी पकडली. वाटेत मला एवढंच दिसत होतं की पहाटेच्या अंधारात, आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेल्या समुद्राच्या चिखलात उतरून, ही बाई वाकून कंद पुरतेय. तिला पोहता येत नाही. पाण्याला ती विहिरीच्या काठावरूनही भिते.

ते वाक्य मी लिहिलं. ओटी, कंद, तास, सगळं. कारण समजा उद्या कोणी एम-सातसारखे आणखी जिवाणू शोधायला निघालं, तर ते समुद्राचा तळ उपसत बसणार आणि हा आमच्या केळीच्या मुळाशी बसून राहणार. मग ते सरांकडे पाठवलं. सरांनी एक शब्दही न बदलता ते पुढे पाठवलं. खाली आपली सही केली. मला म्हणाले, "तुझ्या आईने पद्धत नीट सांगितली म्हणून बरं. आपण कुंकू पाहूनही विचारलं नाही."

व्हायचं ते झालंच. निबंध परत आला. प्रकल्पाचा पुढचा टप्पा मिळाला नाही. एम-सात वेगळ्या कामाखाली गेला, आता त्याच्या नोंदीत मुक्ताईनगर तालुका, केळीचं शेत असं लिहिलेलं आहे. त्याचं औषध होईल की नाही, मला माहीत नाही. माझ्या विषयात "सागरी" शब्द असल्यामुळे समितीने सांगितलं की पुन्हा जा, पुन्हा चिखल आणा. म्हणजे एक वर्ष गेलं, कदाचित दीड. भूपेंद्रने धुळ्याच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायचं काम धरलं, पण मुरूडला येतो म्हणाला. "काठ्यास्वर नजर ठेवाले कोनी पाहिजे ना," म्हणाला.

निघायच्या आधी घरी गेले. त्या रविवारनंतर आई फोनवर जेवलीस का, एवढंच विचारायची. स्वयंपाकघरात ओट्यावर स्टीलचं ताट ठेवलेलं होतं. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, कुंकवाचा करंडा. आणि मधोमध काहीतरी मऊ, फिकट, उकडलेल्या रताळ्यासारखं.

"हे काय?"

"कंद हाये." आई पाठमोरी होती. "पयले धुतला. पार मुयं घासून घासून धुतला, मातीचा कन नही ठेवला. मंग कुकरमधी लावला. चार शिट्ट्या दिल्या. त्या पोरानं सांगतलं व्हतं ना, कुकरमधी सगळे जंतू मरता. आते काही नही त्याच्यात. त्या पोराजवळच दे, कुठी लांब टाकजो म्हना, तुमच्या काठ्या सोडून. मी नही येत."

"आई, अगं, माती..."

"तापी का लहान हाये आते?" ती म्हणाली. "समजून घेईन."

मी तो कंद हातात घेतला. अजून कोमट होता. आजीच्या तोंडून ऐकल्यापासून ज्या बाईने एकाही लेकीच्या ओटीतला मातीचा कण झटकू दिला नाही, तिने नळाखाली बसून तो घासला होता, माझ्यासाठी. मला रडू फुटलं. "तू काही वाटोळं केलं नाहीस गं," मी म्हणाले. "आम्ही नीट बघितलं नाही. तुझ्या शेतात निघालं ते खरंच नवीन आहे." यातलं तिला किती कळलं कोण जाणे. तिने पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बरं बरं, नाक शिंकर."

नानांचं खुरपं घेऊन मी शेतात गेले आणि एक कंद काढला. छोटा, चांगला मातीने लडबडलेला. आणून ताटात ठेवला.

"आधी आम्ही चिखल घेणार," मी तिला म्हणाले. "नळ्या बंद, काठ्या उपटून गाडीत. मग तू ओटी भर. आणि तू येतेस."

आई विचारात पडली. "आधी घ्याचं अन् मंग द्याचं? उलटं नही व्हनार?"

"लेकीच्या घरी चालतं की."

"हां," ती म्हणाली. "लेकीच्या घरी चालतं."

उकडलेला कंद तिने गायीपुढे टाकला. नव्या कंदाचं एक ढेकूळ सुटत आलं होतं. ते तिने अंगठ्याने दाबून परत बसवलं, वरून ओलं फडकं गुंडाळलं आणि भूपेंद्रच्या पेटीपासून लांब राहील अशी वेगळी पिशवी शोधायला गेली.